पगारातून कापले जाणारे ‘ई.एस.आय.’ कशाचे?

गेल्या महिन्यात एमआयडीसीतला एक फिटर तपासणीला आला. क्षयरोग. तीन महिने खासगी दवाखान्यातून औषधे घेतली, पैसे संपले तशी औषधेही थांबली. रजा बिनपगारी, बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गहाण. मी पगाराची चिठ्ठी पाहिली, तर दरमहा ‘ई.एस.आय.’ची कपात! “ते कशाचे कापतात, डॉक्टर?” त्याने मलाच विचारले.

ही कर्मचारी राज्य विमा योजना. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये आराखडा दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत सुरुवात झाली. २०१९ पासून कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. बदल्यात कुटुंबासह उपचार मिळतात. शिवाय आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या दुखण्यात, नोकरीची दोन वर्षे व इतर अटी पूर्ण असल्यास, ८० टक्के, तोही जास्तीत जास्त दोन वर्षे.

महामंडळावर कामगार संघटनांचेही प्रतिनिधी बसतात. पगाराची मर्यादा (२०१७ पासून २१,००० रुपये) वाढवा, ही संघटनांची जुनी मागणी. कारण लढून पगारवाढ मिळवावी, तर कामगार योजनेबाहेर जातो. पण माझ्या ओळखीचे काही युनियनवाले मालकाकडे खासगी मेडिक्लेम मागतात. विमा दवाखान्यातली रांग आणि औषधांचा तुटवडा पाहता त्यांना दोष देववत नाही. मात्र मेडिक्लेम बहुधा इस्पितळात दाखल झाल्यावरचे बिल भरतो, बुडालेला रोज देत नाही. क्षयाचा रोगी तर बहुतेक वेळा घरीच राहून महिनोन्महिने गोळ्या घेतो.

योजनेचीही मोठी उणीव आहे. विमा नोकरीला बांधलेला. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते; त्या संपानंतर हजारोंची नोकरी गेली. नोकरी गेली की वर्गणी थांबते आणि काही महिन्यांत विम्याचे उपचारही.

फिटरला मी थुंकीच्या फेरतपासणीसाठी सरकारी केंद्रात पाठवले (क्षयाची औषधे तेथे सर्वांनाच फुकट मिळतात) आणि दाखल्यासाठी विमा दवाखान्यात. आधीच्या तीन महिन्यांच्या भत्त्यासाठी तो खासगी डॉक्टरचे कागद घेऊन अजून खेटे घालतो आहे. पाटल्या सोनाराकडेच आहेत.