अज्ञात धातू आणि विशिष्ट उष्णतेची साक्ष

दहावीनंतर आपला, म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा, विज्ञानाशी संबंध सुटतो. पण तर्कशास्त्रातील अनुमानाचे प्रकरण वाचताना मला शाळेतला एक प्रयोग वारंवार आठवतो: विशिष्ट उष्णता मोजून अज्ञात धातू ओळखणे. त्यात अनुमान नेमके कोठे घसरते, हे पाहण्यासारखे आहे.

विशिष्ट उष्णता म्हणजे 1 ग्रॅम पदार्थाचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता. पाण्याला 1 कॅलरी लागते. धातूंचे फारच थोड्यावर भागते: ॲल्युमिनियम 0.215, जस्त 0.093, कथील 0.054, शिसे 0.031. हे चारही दिसायला पांढरट-करडे. अक्षरओळख नसलेली माझी आजी टिचकी मारून भांडे अचूक पारखते, पण नुसत्या गोळ्यांपुढे तीही अडेल. आकड्यांत मात्र अंतर भरपूर आहे.

समजा, 200 ग्रॅमचा एक पांढरा तुकडा दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात धरला. हे पाणी 100 अंशांवर आहे असे गृहीत धरू नये. उंचावरच्या गावी ते आधीच उकळते, पुण्यात 98 च्या सुमारास. आपण 98 धरू. तांब्याचा 50 ग्रॅमचा कॅलरीमापी, त्यात 27 अंशांचे 100 ग्रॅम पाणी. तुकडा चटकन उचलून, थेंब झटकून, त्यात सोडायचा व ढवळायचे. पारा 34 वर थांबला. तुकड्याने गमावलेली उष्णता पाण्याने व भांड्याने कमावली, एवढाच हिशेब. 50 ग्रॅम तांबे म्हणजे 4.6 ग्रॅम पाण्याइतके, म्हणून 104.6 गुणिले 7, म्हणजे 732 कॅलरी. तुकडा 64 अंशांनी निवला. 732 ला 200 गुणिले 64 ने भागले की 0.057 येते.

तक्ता उघडावा तो चांदी 0.056! मन हुरळते. पण कथील 0.054 वर शेजारीच बसलेले आहे. पारा 33.5 वर वाचला असता तर उत्तर 0.053 आले असते. अर्ध्या अंशात चांदीचे कथील झाले, आणि तेवढा फरक तापमापक वाचतानाही पडतो.

'तुकडा चांदीचा असेल तर उत्तर 0.056 च्या जवळ येईल' हे विधान खरे आहे. उत्तर तसे आले म्हणून तुकडा चांदीचा, हे मात्र निष्पन्न होत नाही. उत्तरांग मान्य केल्याने पूर्वांग सिद्ध होत नसते. उलट बाजूने प्रयोग भक्कम आहे. तुकडा शिशाचा नाही, जस्ताचा नाही, ॲल्युमिनियमचा तर नाहीच, हे ठामपणे म्हणता येते. माझ्या मते या प्रयोगाला 'धातू वगळणे' हेच नाव शोभेल.

मग घनतेला दुसरा साक्षीदार म्हणून बोलवावे. 200 ग्रॅम चांदी 19 घन सेंटिमीटर पाणी सारते, कथील 27. समजा 27 सरले, म्हणजे कथील.

आकडे इतके जवळ का? 1819 मध्ये द्यूलाँ व पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले की घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्णता व अणुभार यांचा गुणाकार बहुधा 6 च्या आसपास येतो. अणुभार जवळ, तर विशिष्ट उष्णताही जवळ. चांदी 108, कथील 119. सोने 197 आणि शिसे 207. म्हणून या प्रयोगात सोने व शिसे दोन्ही 0.031 वरच येतात!

हाच नियम उलटा चालवून इंडियमचा अणुभार दुरुस्त झाला. 1863 मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे राइश व रिश्टर यांना हा धातू सापडला. अणुभार सुमारे 76 धरला गेला. 1870 मध्ये बुन्सेन यांनी बर्फाच्या कॅलरीमापीने त्याची विशिष्ट उष्णता मोजली, ती 0.057. गुणाकार 4.3 च भरतो; 6 च्या पुढे न्यायचा तर अणुभार दीडपट, 114 च्या आसपास हवा. मेंडेलीव्ह यांनीही आवर्तसारणीवरून स्वतंत्रपणे हेच ताडले होते. आज तो 114.8 मानतात.

आपल्या तुकड्याचे उत्तरही 0.057 च होते. मग तो इंडियम नसेल कशावरून? इंडियमची घनता 7.3, कथिलाचीही 7.3, दुसरा साक्षीदारही येथे फसतो. तिसरा बोलवावा लागतो: कथील 232 अंशांवर वितळते, इंडियम 157 च्या सुमारास.