प्राध्यापक देवधरांचा संघ

सोयाबीनची काढणी आटोपली की हिंगोली जिल्ह्यातील गावोगावच्या मोकळ्या रानांत क्रिकेटचे डाव रंगू लागतात. गडी निवडताना लांब फटके मारणाऱ्याला प्रथम बोलावले जाते. कोणी पोक्त गृहस्थ हौसेने पुढे आलाच, तर त्याला आदरपूर्वक पंच म्हणून उभे करतात! अशी निवड करणाऱ्यांना एका प्राध्यापकाची हकीकत ऐकून मोठे नवल वाटेल.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. इ. स. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा बलाढ्य संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा देवधरांनी त्याच्याविरुद्ध १४८ धावा काढल्या. परंतु हिंदुस्थानला पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला तो १९३२ च्या जूनमध्ये, लॉर्ड्सच्या मैदानावर. देवधरांनी तेव्हा चाळिशी गाठली होती. त्या संघात त्यांना स्थान नव्हते, आणि पुढेही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

दुसरा एखादा असता तर त्याने बॅट खुंटीला टांगली असती. देवधर महाराष्ट्राच्या संघाचे नायक झाले. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली होती आणि पहिली दोन्ही वर्षे मुंबईने गाजविली होती. १९३७-३८ मध्ये तो मान हैदराबादने मिळविला. आजचा हिंगोली जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्राचा संघ मात्र अद्याप रिकाम्या हातांनीच परतत होता.

या स्पर्धेचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. सामना पूर्ण होऊ शकला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक त्याची सरशी होते. म्हणजे चार चौकार मारून तंबूत परतणाऱ्यापेक्षा दिवसभर ठाण मांडून धावा जोडणारा संघाला अधिक मोलाचा. तरुण फलंदाजाच्या अंगी फटके असतात, धीर नसतो. समोरच्या टोकाला जाणता खेळाडू उभा असला, तर कोणता चेंडू सोडावा, एकेरी धाव केव्हा चोरावी, गोलंदाज केव्हा थकला, हे त्याला शेजारीच पाहावयास मिळते. नायकच जाणता असला म्हणजे त्याची छाया साऱ्या संघावर पडते.

१९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध पुण्यात सामना झाला. सांगलीचे विजय हजारे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. एकामागून एक गडी बाद होत गेले, तरी हजारे ढळले नाहीत. नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्यासह त्यांनी २४५ धावांची भर घातली. नगरवाला ९८ धावांवर बाद झाले, बिचाऱ्यांचे शतक दोन धावांनी हुकले! हजारे मात्र ३१६ धावा करून नाबाद राहिले. रणजी स्पर्धेतील हे पहिलेच त्रिशतक होय. त्याच वर्षी संयुक्त प्रांताला अंतिम सामन्यात हरवून महाराष्ट्राने करंडक पटकाविला.

खरी कसोटी लागली ती पुढच्या वर्षी. १९४० साली पुण्यात मुंबईशी गाठ पडली. देवधरांचे वय अठ्ठेचाळीस. ज्या वयात सोबतीचे लोक संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या मोजीत, त्या वयात हे गृहस्थ भर उन्हात विकेटींमधून धावत होते. त्यांनी २४६ धावा काढल्या, आणि महाराष्ट्राचा डाव ६७५ पर्यंत पोहोचला. मुंबईही हार मानणारी नव्हती. खंडू रांगणेकरांनी २०२ धावा फटकाविल्या आणि धावफलकावरचा आकडा सहाशेच्या पुढे सरकू लागला. अखेर मुंबईचा डाव ६५० वर संपला. तेराशे पंचवीस धावांचा पाऊस पडला आणि निकाल लागला तो पंचवीस धावांच्या आघाडीवर! नायकाच्या द्विशतकातील थोड्या धावा जरी कमी पडत्या, तरी करंडकाची वाट तेथेच अडली असती.

त्याच हंगामात बावीस वर्षांच्या रंगा सोहोनींनी ६५५ धावा जमविल्या. पश्चिम हिंदुस्थानाविरुद्ध ते २१८ धावांवर नाबाद राहिले. सोहोनी व हजारे हे दोघेही पुढे कसोटी सामने खेळले. जे दार गुरुजींसाठी कधी उघडले नाही, त्यातून ही तरुण मंडळी आत गेली. हजारे तर भारताचे कर्णधार झाले, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे इंग्लंडला नमवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

मद्रासला अंतिम सामन्यात हरवून १९४०-४१ चा करंडकही महाराष्ट्रानेच जिंकला. त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो पुन्हा महाराष्ट्राच्या हाती आला नाही. देवधरांचा उत्साह मात्र तेवढ्यावर ओसरला नाही. १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी पहिल्या डावात १०५ धावा केल्या, आणि दुसऱ्या डावात पुन्हा पॅड बांधून १४१.