मूठभर सोयाबीन, दोन ग्लास

प्रथिनांच्या रचनेचे चार स्तर पाठ केले की परीक्षा निघते. पण अमिनो आम्लांची साखळी शाबूत राहून नुसती तिची घडी मोडली तर काय बिघडतं, हे एकदा डोळ्यांनी पाहावं. नळदुर्गच्या शिवारात सोयाबीनला तोटा नाही आणि शेतकऱ्याच्या घरी युरिया असतोच. हळद तेवढी स्वयंपाकघरातून घ्या.

सोयाबीन रात्रभर भिजवून सकाळी भरपूर पाण्यात बारीक वाटा, फडक्यातून गाळा. निम्मं दूध कच्चंच ठेवा, निम्मं १५ मिनिटं उकळा. ते फार उतू जातं, पातेलं मोठं हवं. मग पूर्ण गार होऊ द्या. एक गरम, एक गार असेल तर तुलनेला अर्थ नाही.

दोन ग्लासांत अर्धा-अर्धा कप दूध घ्या, प्रत्येकात अर्धा चमचा युरिया विरघळवा. (हे ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नकोत.) हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाची पट्टी लगेच बुडवून पाहा, दोन्हींकडे पिवळीच हवी. ग्लास झाकून अर्ध्या-एक तासाने नवी पट्टी बुडवा. कच्च्या दुधात ती तांबूस होते, झाकण काढताच अमोनियाचा वास येतो. उकळलेल्यात काहीच नाही.

हे काम युरिएज या विकराचं. त्याची साखळी ठरावीक घडी घालून बसते, तेव्हाच निकेलचे दोन अणू धरणारा कप्पा तयार होतो आणि तिथे युरिया फुटतो. उष्णतेने हायड्रोजन बंध सुटतात, कप्पा विस्कटतो. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या कुळातल्या जॅकबीनमधून याच युरिएजचे स्फटिक मिळवले आणि विकर हे प्रथिन असतं हे दाखवलं.

साखळी तुटली नाही कशावरून? त्यासाठी कॉलेजची प्रयोगशाळा आणि सर किंवा मॅडम जवळ हवेत, कारण कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. दोन्ही दुधं दहापट पातळ करा. २ मिली नमुन्यात तेवढंच १० टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण, मग १ टक्का मोरचुदाचे थेंब. दोन्ही नळ्या जांभळ्या होतात, नुसत्या पाण्याची निळीच राहते. हा रंग पेप्टाइड बंधांचा, घडीचा नाही. मोरचूद जास्त पडला की निळ्यात जांभळा दिसेनासा होतो. प्रात्यक्षिकात मार्क जातात ते बहुधा इथेच.

उरलेलं कच्चं दूध पिऊ नका. त्यात पचनातल्या ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या कमला सोहोनी यांनी मुंबईत आपल्या कडधान्यांतल्या अशाच रोधकांवर संशोधन केलं. सोयाबीनमधल्या कुनिट्झ रोधकाच्या १८१ अमिनो आम्लांच्या साखळीला गंधकाचे दोन पूल आवळून धरतात, म्हणून एका उकळीने भागत नाही. प्यायचं दूध सावकाश, ढवळत उकळावं लागतं.