बर्फाचे प्रदर्शन कसे मांडावे?



संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे उभी राहतात. कोठे जुनी नाणी, कोठे ताम्रपट, तर कोठे पेंढा भरलेले पक्षी. या सर्व वस्तू ठेवल्या जागी टिकून राहतात. परंतु ज्या शास्त्राचा मुख्य विषयच बर्फ आहे, त्या ध्रुवप्रदेशाच्या शास्त्राचे प्रदर्शन सामान्य लोकांपुढे कसे मांडावे? पेंग्विन पक्षी आणून ठेवावा, तर १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या करारान्वये परवान्यावाचून अंटार्क्टिकातील पशुपक्ष्यांना पकडण्यास मनाई आहे. आपल्या देशानेही २०२२ साली अंटार्क्टिकासंबंधी स्वतंत्र कायदा केला. बर्फच आणून ठेवावा, तर डहाणूच्या वैशाखात तो किती घटका टिकणार?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यात वास्को येथे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९८ सालापासून आहे. मे २०२५ मध्ये तेथे ‘पोलर भवन’ व ‘सागर भवन’ अशा दोन इमारतींचे उद्घाटन झाले, आणि त्यांपैकी पोलर भवनात देशातील पहिले ध्रुवीय व सागरी संग्रहालय मांडण्याचा संकल्प त्या वेळी जाहीर करण्यात आला. तेथे एका मोठ्या गोलावर चहूबाजूंनी प्रकाशचित्रे टाकून सागर, वारे व हिम यांच्या हालचाली दाखविण्याची योजना आहे. सागर भवनात शून्याखाली ३० अंश तापमान राखलेल्या प्रयोगशाळा असून त्यांत बर्फाचे नमुने अभ्यासिले जातात. गोव्याचा या विषयाशी संबंध मात्र याहून जुना आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३-८४ च्या मोहिमेत नागपूर येथे जन्मलेल्या डॉ. अदिती पंत व त्यांच्या सहकारी डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तेथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या.

ही माहिती वाचून आमच्या विज्ञानमंडळाच्या मुलांना हुरूप आला व त्यांनी पालकदिनी एका वर्गात ध्रुवप्रदेशाचे प्रदर्शन मांडले. कापसाचा हिमपर्वत, कागदाचे पेंग्विन, निळ्या कापडाचा समुद्र, सारेच मोठे सुबक झाले होते. त्या तरंगत्या हिमपर्वताखाली मुलांनी पाटी लावली होती: ‘हा वितळला की समुद्र वाढेल व आपली गावे बुडतील.’ पालक येत होते, कौतुक करून जात होते. इतक्यात कोळीवाड्यातील एका विद्यार्थ्याचे आजोबा त्या पाटीपुढे थांबले. नातवाकडून त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि मला म्हणाले, “गुरुजी, पेल्यातल्या पाण्यात बर्फाचा खडा टाकला आणि तो विरघळला, तर पेला काही उतू जात नाही. मग हा तरंगता डोंगर विरघळून दर्या कसा वाढेल?”

ज्यांनी सारे आयुष्य होडीतील बर्फ व मासळी यांच्या संगतीत घालविले, त्यांनी आमची चूक क्षणात पकडली होती. मी मुलांदेखत ती कबूल केली आणि आम्ही पाटी उतरविली. दुसऱ्या वर्षी जे प्रदर्शन मांडले ते या प्रश्नापासूनच आरंभिले. त्यातील तीन गोष्टी येथे सांगतो. कोणत्याही घरी त्या करून पाहता येतील.

पहिली गोष्ट दोन भांड्यांची. दोन सारखी काचेची भांडी घ्यावी. एकात पाणी घालून बर्फाचे खडे तरंगत सोडावे. दुसऱ्यात असा दगड ठेवावा की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील, आणि त्या माथ्यावर तितकेच खडे ठेवावे. मग दोन्ही भांड्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. बर्फ वितळल्यावर पहिल्या भांड्यातील पाणी खुणेवरच राहते. दुसऱ्यातील मात्र खुणेच्या वर चढते. कारण उघड आहे. तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारतो. वितळल्यावर तो तेवढीच जागा भरतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पातळी अगदी किंचित वाढते, पण ती वाढ नगण्य होय. दगडावरचा बर्फ मात्र पाण्यात नवी भर घालतो. अंटार्क्टिका ही दगडावरच्या बर्फाची भूमी आहे. तिचे क्षेत्र सुमारे १ कोटी ४० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून अधिक. आणि तीवरील बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर.

मग तरंगता बर्फ निरुपद्रवी मानावा काय? तसेही नाही. किनाऱ्यास लागून असलेली तरंगत्या बर्फाची कड ही मागील हिमनद्यांस बांधासारखी अडवून धरते. २००२ साली ‘लार्सन बी’ नावाची अशी कड काही आठवड्यांत फुटली, आणि तिच्या मागील हिमनद्या पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने समुद्रात उतरू लागल्या.

दुसरी गोष्ट बांबूची. ही तलासरीकडील मुलांनी सुचविली. अंटार्क्टिकात नळीसारख्या यंत्राने खोल भोक पाडून बर्फाचे लांब दांडे काढतात. दरवर्षीचे हिम मागच्या वर्षीच्या हिमावर साचत असल्यामुळे जितके खोल जावे तितका काळ जुना. त्यातील बुडबुड्यांत त्या त्या काळची हवा कोंडलेली असते. अशा एका अखंड दांड्यातील हवा सुमारे ८ लक्ष वर्षांची आहे. मुलांनी आठ पेरांचा बांबू गेरूने रंगविला व घरच्या भिंतीवर काढतात तशी तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे त्यावर काढली. एक पेर ३० सेंटिमीटरचे, व ते १ लक्ष वर्षांचे. या मापाने मनुष्य लिहावयास शिकला त्यास सुमारे ५,००० वर्षे झाली, ती बांबूच्या टोकास केवळ दीड सेंटिमीटरात, म्हणजे एका बोटाच्या जाडीत मावली! या आठही पेरांत कर्बद्विप्राणील वायू हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे ३०० भागांच्या वर कधी गेला नव्हता. आज तो ४२० च्या वर आहे. जुन्या पालकांनाही हा बांबू हातात धरून हिशेब समजला.

तिसरी गोष्ट विताची. अंटार्क्टिकावरील सर्व बर्फ वितळल्यास जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, हे खरे. पण तसे होण्यास हजारो वर्षे लागतील. एवढाच आकडा भिंतीवर लिहून लोकांस भिवविणे हे शिक्षण नव्हे. म्हणून मुलांनी खांबावर दुसरी खूण केली: १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. वीतभराहून किंचित कमी! त्यात तापलेले पाणी फुगल्यामुळे झालेली वाढ आहे, डोंगरावरील हिमनद्यांचे पाणी आहे, आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांचेही आहे. वीत ही लहान दिसते. परंतु अमावास्या-पौर्णिमेचे उधाण व वादळ एकाच वेळी आले, तर तीच वीत त्या भरतीवर चढून येते. ज्याचे घर खाडीच्या काठी आहे, त्यास हे अधिक सांगणे नको.

दुसऱ्या वर्षी तेच आजोबा आले. त्यांनी दगडावरचा बर्फ पूर्ण वितळेपर्यंत वाट पाहिली, खुणेवर बोट ठेवले, आणि मग नातवाकडून सर्व पाट्या वाचून घेतल्या. त्या दिवशी मला प्रदर्शन मांडण्याचे रहस्य उमगले. बारा हजार किलोमीटरांवरचा ध्रुव आपल्या गावी आणता येत नाही; पण पाहणाऱ्याच्या पेल्यातील खडा, अंगणातील बांबू व हाताची वीत घेऊन त्याच्यापर्यंत जाता येते. आणि जे मांडावयाचे ते आधी स्वतः करून पाहिलेले असावे.

विद्यार्थ्यांस या सुटीचे काम असे: किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी वडील माणसांस बरोबर घेऊन दर अमावास्येस व पौर्णिमेस भरतीचे पाणी एखाद्या पायरीवर कोठवर आले ते वहीत टिपावे. डोंगरपट्टीतील मुलांनी दोन भांड्यांचा प्रयोग घरच्यांना करून दाखवावा व त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून आणावे. पुढील प्रदर्शन त्या प्रश्नांवर उभे राहील.