गोठणबिंदूवरून अम्लाची पारख

सिरक्याचा आंबटपणा ज्या पदार्थामुळे येतो, तो पदार्थ म्हणजे ॲसिटिक अम्ल. सिरक्यात त्याचे प्रमाण चार-पाच टक्केच असते. उरलेले बहुतेक पाणी. औषधे, विद्रावक आणि कृत्रिम धागे यांच्या कारखान्यांना मात्र हे अम्ल जवळजवळ निर्जल स्वरूपात लागते. अशा अम्लाला व्यवहारात ‘ग्लेशियल’, म्हणजे हिमासारखे, असे म्हणतात. हे नाव ऐकताना काव्यमय वाटले तरी ते अक्षरशः खरे आहे. शुद्ध ॲसिटिक अम्ल १६.६° से. तापमानास गोठते. त्यामुळे उत्तर भारतातील कडक हिवाळ्यात गोदामातील पिंपांमध्ये त्याचा बर्फासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. मुंबईच्या उबदार हवेत हा प्रकार क्वचितच पाहावयास मिळतो.

पिंप विकत घेणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो आतील पाण्याचा. अम्ल ९९.८ टक्के असो वा ९८ टक्के, दोन्ही सारखीच रंगहीन आणि सारखीच झोंबऱ्या वासाची असतात. दुधाची पारख तरकाट्याने करतात, तशी येथेही करावी असे कोणालाही वाटेल. पण येथे तरकाटा फसवा ठरतो. शुद्ध अम्लात पाणी मिसळू लागले की त्याची घनता कमी न होता वाढू लागते. पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या थोडे पुढे गेले म्हणजे घनता कमाल होते आणि त्यानंतर ती उतरू लागते. परिणाम असा, की १५° से. तापमानास शुद्ध अम्लाची घनता १.०५५ असते आणि निम्म्याहून अधिक पाणी असलेल्या सुमारे ४३ टक्के अम्लाची घनताही तितकीच भरते! अल्कलीच्या विद्रावाने अनुमापन करणे हा दुसरा मार्ग. तो विश्वसनीय आहे, पण पाचशेत एका भागाची चूक झाली तरी ९९.८ आणि ९९.६ यांतील भेद पुसला जातो. शिवाय मिसळलेले दुसरे एखादे अम्लही त्यात ॲसिटिक अम्ल म्हणूनच मोजले जाते.

गोठणबिंदू या ठिकाणी उपयोगी पडतो. द्रवात काहीही विरघळलेले असले की त्याचा गोठणबिंदू खाली येतो, आणि विद्राव विरल असेपर्यंत ही उतरण विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असते. मिठाच्या पाण्याविषयी ही गोष्ट इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्ये दाखविली होती. फ्रान्समधील राऊल्ट यांनी १८८२ च्या सुमारास तिला व्यापक नियमाचे स्वरूप दिले. ही उतरण पदार्थाच्या वजनावर नव्हे, तर त्याच्या रेणूंच्या संख्येवर अवलंबून असते, हे त्यांनी दाखवून दिले. पाण्याचा रेणू हलका असल्याने थोड्या वजनातही त्याचे रेणू पुष्कळ असतात. म्हणूनच शंभर भाग ॲसिटिक अम्लात अर्धा भाग पाणी मिसळले तर गोठणबिंदू सुमारे १५.६° वर येतो. एक भाग मिसळल्यास १४.८° वर, दोन भागांस १३.२५° वर, आणि तीन भागांस १२° च्याही किंचित खाली. थोडक्यात, हजारात एक भाग पाण्याने पाऱ्यात जवळजवळ दोन दशांश अंशाचा फरक पडतो. साधा पण चांगला तापमापक तो सहज दाखवितो.

साधनेही फारशी लागत नाहीत. एक रुंद परीक्षानळी घ्यावयाची. ती तिच्याहून मोठ्या नळीत बसवावयाची, म्हणजे दोहोंमध्ये हवेचा थर राहून द्रव संथपणे थंड होतो. आतील नळीच्या बुचातून दोन गोष्टी खाली जातात : दशांश अंशांच्या खुणा असलेला तापमापक आणि खालीवर हलविता येणारी काचेची ढवळणी. बूच घट्ट असणे आवश्यक आहे, कारण हे अम्ल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात उघड्या नळीत केलेल्या मापनावर कोणी विसंबू नये. हा सारा संच बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून द्रव एकसारखा ढवळीत राहावयाचे आणि तापमान टिपावयाचे.

येथे नवख्या माणसाला चकविणारी एक गोष्ट घडते. पारा १६° च्या खाली उतरतो, १५°, १४°, १३° अशी मजल गाठतो, तरी द्रव द्रवच राहतो. हे अतिशीतन होय. स्फटिकांना वाढण्यासाठी आरंभाचा आधार लागतो. तो न मिळाल्यास द्रव गोठण्याचे विसरून गेल्यासारखा भासतो. अशा वेळी त्याच अम्लाचा, वेगळा गोठवून ठेवलेला, एक लहानसा कण आत टाकतात. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे रात्रभर थांबावे लागत नाही. क्षणात नळीत पांढरे रवे पसरतात, त्यांतून बाहेर पडणाऱ्या सुप्त उष्णतेने पारा वर चढतो आणि एका खुणेवर स्थिरावतो. ती खूण हाच गोठणबिंदू. खाली गेलेला नीचांक टिपणे ही चूक होय.

अतिशीतन फार होऊ देणेही घातक असते. एक ग्रॅम अम्ल गोठताना सुमारे ४६ कॅलरी उष्णता बाहेर पडते, तर तेवढेच द्रव अम्ल एक अंशाने तापविण्यास अर्धी कॅलरी पुरते. द्रव पाच अंश अतिशीत झाला असेल, तर पाऱ्याला वर आणण्यासाठी त्याचा सुमारे विसावा भाग गोठावा लागतो. गोठतो तो भाग शुद्ध अम्लाचा; पाणी मागे उरलेल्या द्रवात राहते आणि त्याचे प्रमाण वाढते. एक टक्का पाणी असलेल्या नमुन्यात एवढ्यानेच वाचन दशांश अंशाने उतरते. म्हणून एक-दोन अंश खाली जाताच कण टाकणे इष्ट.

गोठणबिंदू अशुद्धी किती हे सांगतो, ती कोणती हे सांगत नाही. पाणी काढून टाकण्यासाठी अम्लात ॲसिटिक ॲनहायड्राइड घालतात. तो पाण्याशी संयोग पावून अम्लच बनतो. तो थोडाथोडा घालीत गेल्यास गोठणबिंदू चढत जातो, पण पाणी संपल्यानंतरही घालीत राहिल्यास पुन्हा उतरू लागतो. सर्वोच्च बिंदूवर थांबणे हे कुशल रसायनज्ञाचे काम.

नमुना घेताना होणारी चूक मात्र प्रयोगशाळेत कधीच सुधारता येत नाही. थंडीत अर्धवट गोठलेल्या पिंपातील द्रव काढून तपासला, तर माल आहे त्याहून पाणचट ठरतो, कारण शुद्ध अम्ल तळाशी व कडेला रव्यांच्या रूपात अडकलेले असते. अशा एका बाटलीवरून सबंध खेप नाकारली जाऊ शकते आणि विकणाऱ्यावर अन्याय होतो. याच्या उलट, रवे खरवडून पाठविल्यास घेणारा ठकतो. पिंप आधी पूर्ण वितळवून आतील द्रव नीट ढवळला पाहिजे. वितळविताना झाकण किंचित सैल करून कोमट पाण्याचा शेक द्यावा. ज्वाळ जवळ आणू नये, कारण सुमारे ४०° से. तापमानास या अम्लाची वाफ पेट घेऊ शकते.