नव्या मतदाराची नोंद



लागणीची नोंद वेळेवर गट ऑफिसात दिली नाही तर तोडीची पाळी मागे पडते, आणि मग आपण स्लिपबॉयवर रागावतो. मताचेही तसेच आहे. पोराला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून तो आपोआप मतदार होत नाही, यादीत नाव लागते. त्यासाठी नमुना ६ भरावा. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही धरतात. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज देता येतो.

हा हक्क आपल्या मुलखात फार जुना नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. सरकार निवडणे रयतेच्या हाती नव्हते. १९५२ साली पहिल्यांदा मालक आणि सालगडी एका रांगेत उभे राहिले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. वयाची अट तेव्हा २१ होती, ती १९८९ पासून १८ झाली. त्या पहिल्या यादीतून देशभरात सुमारे २८ लाख बायांची नावे गळाली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. आज सुनांचे दुसरेच होते: नाव माहेरच्या यादीत आणि राहणे सासरी. लग्नाची धांदल संपली की नमुना ८ भरून नाव इकडे आणावे. हे काम सासऱ्याने स्वतः केले तर बरे.

कारखान्यात शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच. पण तिथे आधी सभासद व्हावे लागते. देशाच्या मताला सातबारा लागत नाही.

आणखी एक. घनसावंगी आणि परतूर मतदारसंघ लोकसभेला परभणीत मोडतात. २०२४ साली तिथे २६ एप्रिलला मतदान झाले, तर जालना, बदनापूर, भोकरदनला १३ मे रोजी. तेव्हा शेजारगावची तारीख आपली समजू नये.

मत कोणाला द्यावे हे आम्ही सांगणार नाही. बेणे घेताना आपण डोळे तपासतो, खोडवा आहे का ते विचारतो. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात त्याची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले लिहिलेले असतात. नव्या पोरांनी ते मोबाईलवर काढून घरात मोठ्याने वाचावे. मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार तसा घेणाराही, हे पोरांना आधीच सांगून ठेवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र 'आपलं मत अमक्यालाच' असा हुकूम सोडू नये. यंत्रासमोर पोरगा एकटाच असतो.

आता फडातल्या माणसांविषयी. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे नेमकी हंगामाच्या तोंडावर. कोयता आपल्या फडात आणि नाव त्याच्या गावच्या यादीत. त्यांच्यातही अठरा-एकोणीस वर्षांची पोरे असतात, त्यांचे पहिले मत असेच बुडते. उभा ऊस एक-दोन दिवस थांबला तर काही बिघडत नाही, तोडलेला मात्र वाळतो आणि वजन जाते. म्हणून मतदानाची तारीख लागली की मुकादमाशी बोलून आदल्या दिवशीची तोड बेताची ठेवावी, मोळ्या त्याच दिवशी गाडीत भराव्यात आणि जवळच्या गावची माणसे सोडावीत. स्लिपबॉयला दोन दिवस आधी सांगितले तर शेतकी खाते पाळी त्याप्रमाणे लावील.