चार्जिंगचे पोर्ट : वीज किती द्यावी, कोठे थांबवावी

आज बहुतेक दुकानांच्या काउंटरवर दोन-तीन मोबाइल आणि पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्स चार्जिंगला लावलेला असतो. कारखान्यात कारागिरांचे फोन एकाच पेटीला लागतात. शेजारी कापडाचे गठ्ठे, धागा, रुई. अशी पेटी घेताना आपण फक्त किंमत विचारतो. तिच्या आत काय असावे, हेही व्यापारी व कारागीर बांधवांनी जाणून घेणे जरुरीचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, पोर्ट फोनमध्ये वीज ढकलत नाही. साध्या यूएसबी पोर्टवर 5 व्होल्टचा दाब असतो आणि किती ॲम्पिअर ओढायचे ते फोन ठरवतो. मात्र समोरच्याची ऐपत कळल्याशिवाय फोन जास्त ओढत नाही. कारोबारात पत पाहून उधारी ठरते, तसाच हा हिशेब. ती ऐपत फोनला सांगणे आणि मर्यादेबाहेर ओढ झाली तर रोखणे, ही दोन कामे एक छोटी चिप करते. तिला चार्जिंग पोर्ट कंट्रोलर म्हणतात.

ऐपत कशी सांगितली जाते?

साध्या यूएसबीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. चार्जिंगचे नियम डिसेंबर 2010 च्या बॅटरी चार्जिंग 1.2 या प्रमाणकात दिले आहेत. त्यात पोर्टचे तीन प्रकार आहेत :

1) संगणकाचे साधे पोर्ट. यूएसबी 2.0 मध्ये ते आधी 0.1 ॲम्पिअर देते व संगणकाशी बोलणी झाल्यावर 0.5 ॲम्पिअर. म्हणून संगणकाला लावलेला फोन सावकाश भरतो.

2) माहिती व चार्जिंग दोन्ही करणारे पोर्ट. हे 1.5 ॲम्पिअरपर्यंत देते.

3) फक्त चार्जिंगचे पोर्ट. यात माहितीच्या दोन्ही तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. यातूनही 1.5 ॲम्पिअर घेता येतात.

फोन माहितीच्या एका तारेवर सुमारे 0.6 व्होल्ट लावतो आणि दुसरीवर उत्तर येते का पाहतो. उत्तर आले, तर समोर चार्जिंगचे पोर्ट आहे. मग तारांची अदलाबदल करून पुन्हा तपासतो. या वेळीही उत्तर आले तर पोर्ट तिसऱ्या प्रकारचे, नाही आले तर दुसऱ्या. ॲपलच्या जुन्या पद्धतीत मात्र तारांवर 2.0 व 2.7 व्होल्ट ठेवून ऐपत सांगितली जाते. चांगला कंट्रोलर समोरचा फोन ओळखून योग्य पद्धत आपोआप निवडतो. टाइप-सी पोर्टमध्ये यासाठी वेगळी पिन असते व तिच्यावरून 1.5 किंवा 3 ॲम्पिअरची ऐपत कळते.

जास्त ओढ झाली तर?

केबल आत तुटली, पिनांत पाणी किंवा धातूचा कण गेला, तर वीज एकदम वाढते. कंट्रोलरमधील इलेक्ट्रॉनिक स्विच ही वाढ काही मायक्रोसेकंदांत पकडतो आणि प्रवाह ठरलेल्या मर्यादेवर धरून ठेवतो. ही मर्यादा कारखानदार बहुधा एका रेझिस्टरने ठरवतो. समजा मर्यादा 2.5 ॲम्पिअर आहे आणि तारा पूर्ण चिकटल्या. मग 5 गुणिले 2.5, म्हणजे 12.5 वॅटची उष्णता त्या नखाएवढ्या चिपमध्येच निर्माण होते. म्हणून चिप तापताच ती स्वतः बंद होते. काही चिपा थंड झाल्यावर पुन्हा चालू होऊन पाहतात, काही केबल काढेपर्यंत बंदच राहतात. बाण्याचे सूत तुटताच यंत्रमाग थांबावा, तशीच ही सोय आहे. प्रत्येक पोर्टला स्वतंत्र मर्यादा असेल, तर एक बिघडले तरी बाकीची चालू राहतात.

स्वस्त पेटीत पुष्कळदा माहितीच्या तारा जोडून फोनला ऐपत सांगितलेली असते, पण रोखणारा स्विच नसतो. धोका येथेच आहे.

खरेदीचा हिशेब

पेटीवर 4 पोर्ट आणि एकूण 5 व्होल्ट, 4 ॲम्पिअर लिहिले आहे. चार फोनांनी प्रत्येकी 1.5 ओढले तर मागणी 6 ॲम्पिअर झाली. हा तोट्याचा सौदा आहे. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात :

– प्रत्येक पोर्टची व एकूण ऐपत वेगवेगळी लिहिली आहे का, आणि ओव्हरकरंट व शॉर्ट सर्किट संरक्षणाचा उल्लेख आहे का.
– चार्जरवर बीआयएसचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का.
– छोट्या यूएसबी मीटरने सर्व फोन लावून तपासावे. साध्या पोर्टवर दाब 4.75 व्होल्टच्या खाली जात असेल, तर पेटी भार पेलत नाही.

संरक्षण असलेली पेटीही कापडावर किंवा रुईजवळ ठेवू नये, आणि दुकान बंद करताना तिचा स्विच बंद करावा. चिप पोर्टकडील बिघाड सांभाळते. भिंतीतील वायरिंग व प्लग सांभाळणे आपल्याकडेच राहते.